पेड कोलॅब करताना ‘जाहिरात’ कधी, कुठे आणि कशी लिहायची: पहिल्या मेसेजपासून पोस्टनंतरपर्यंत

मराठी रील करणाऱ्यांकडून एक चूक हटकून होते. व्हिडिओ शूट होतो, एडिट होतो, ब्रँडचा ओके येतो आणि पोस्टचं बटण दाबताना आठवतं, की पैसे घेतल्याचं कुठेच सांगितलेलं नाही. मग वीस हॅशटॅगच्या शेवटी एकविसावा ‘कोलॅब’ (म्हणजे ब्रँडसोबत मिळून केलेलं काम) टाकून मोकळं व्हायचं. नियमांच्या दृष्टीने हे सांगितलंच नाही असं धरलं जातं.

ही चूक पोस्ट करताना लक्षात येते, पण ती झालेली असते खूप आधी. काय मिळालंय, काय बोलायचंय आणि लेबल पडद्यावर कुठे येणार, या तीन गोष्टी कॅमेरा हातात घेण्याआधीच ठरायला हव्यात. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. पाचव्या टप्प्यावरून मागे जाऊन दुसरा दुरुस्त करायचा म्हटलं तर बहुतेक वेळा परत शूटच करावं लागतं.

सोबतीला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगलीकडचा एक लाकडी घाण्याचा तेलवाला रेसिपी करणाऱ्या एका ताईंना दोन डबे शेंगदाणा तेल आणि एका रीलचे पैसे देऊ करतो.

टप्पा १: ही जाहिरात आहे का, ते ठरवा

‘पैसे घेतले तरच जाहिरात’ हा गैरसमज पहिला. भारतात जाहिरातींची स्वयंनियमन संस्था असलेल्या ‘ॲस्की’ने इन्फ्लुएन्सर जाहिरातींसाठी नियमावली काढली, ती १४ जून २०२१ पासून लागू आहे. त्यात पैशाइतकंच महत्त्व ब्रँडशी असलेल्या कोणत्याही हितसंबंधाला आहे. फुकट वस्तू, न मागता घरी आलेलं पार्सल, सवलत, सहल, हॉटेलातला मुक्काम, बक्षीस, नोकरी, घरचं नातं हे सगळं त्यात धरलेलं आहे.

म्हणजे तारकर्लीच्या होमस्टेवाल्याने दोन रात्री फुकट ठेवून घेतलं आणि तुम्ही सोलकढीचं कौतुक करणारी रील टाकली, तर ती जाहिरात. मेव्हण्याच्या साडीच्या दुकानातून लाइव्ह केलं, एक रुपया घेतला नाही, तरीही जाहिरात. ‘माझा कोड वापरा, दहा टक्के सूट मिळेल’ म्हणताना त्या कोडवर तुम्हाला कमिशन सुटत असेल तर तीही जाहिरातच. अफिलिएट लिंकवाले हा भाग सर्रास विसरतात.

स्वतःच्या पैशाने वस्तू घेतली, कंपनीशी काही देणंघेणं नाही आणि आवडली म्हणून सांगितलं, तर लेबल लागत नाही. तिथे उगाच लावूही नका. मोठ्या ब्रँडचं काम मिळाल्याचा आव आणण्यासाठी काही नवखे फुकटच ‘पार्टनरशिप’ लिहितात, तीही फसवणूकच.

तपासा: आपल्याला काय मिळालं हे बघणाऱ्याला कळलं, तर आपल्या बोलण्यावरचा त्याचा विश्वास थोडासा तरी कमी-जास्त होईल का? होणार असेल तर लेबल लावा.

टप्पा २: होकार देण्याआधी माल आणि दावे तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हा टप्पा लोक पूर्णच गाळतात, कारण ‘बोलायला त्यांनी सांगितलं, मी फक्त बोललो’ हे पुरेसं वाटतं. ते पुरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्यालाही, म्हणजे तुम्हालाही, १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. पुन्हा तेच केलं तर दंड ५० लाखांपर्यंत जातो. शिवाय एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत, कोणतीही जाहिरात करण्यावर बंदी येऊ शकते. सुटकेची वाट त्याच कलमात आहे: दावा खरा आहे का याची योग्य ती खातरजमा केली होती, हे दाखवता आलं तर जाहिरात करणारा दंडातून सुटतो. हा टप्पा नीट केला असेल तरच ते दाखवता येईल.

तर ब्रँडकडून ब्रीफ, म्हणजे व्हिडिओत काय सांगायचं याची लेखी यादी, मागवा आणि त्यातलं प्रत्येक विधान वेगळं काढा. तेलवाल्याचं ब्रीफ असं आहे असं समजा:

‘१०० टक्के शुद्ध, केमिकल नाही. कोलेस्टेरॉल फ्री. हृदयविकार दूर ठेवतं. महाराष्ट्रातलं नंबर वन घाण्याचं तेल.’

एकेक घेऊ. ‘१०० टक्के शुद्ध’ म्हणायचं तर प्रयोगशाळेचा अहवाल मागा, त्यावरची तारीख आणि बॅच नंबर बघा. तीन वर्षांपूर्वीच्या एका बॅचचा अहवाल आजच्या डब्याबद्दल काही सांगत नाही. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ ऐकायला छान, पण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं. कुठल्याच शेंगदाणा तेलात ते नसतं. आपल्याच तेलाचा खास गुण म्हणून ते सांगणं दिशाभूल करणारं आहे. ‘हृदयविकार दूर ठेवतं’ हा रोगाबद्दलचा दावा, अन्नपदार्थाच्या जाहिरातीत तो चालत नाही, सरळ काढायला सांगा. ‘नंबर वन’ कुणी मोजलं, केव्हा मोजलं, हे दाखवता येत नसेल तर तेही बाद.

हातात काय उरलं? लाकडी घाण्यावर काढलेलं, अमुक गावच्या शेंगांचं, वासाला असं, भज्यांना तसं. जाहिरातीला एवढं पुष्कळ होतं. खरं तर अशी रील लोक जास्त वेळ बघतात.

दाव्यांसोबत परवाने बघा. कोणत्या मालाला काय तपासायचं ते थोडक्यात:

- खाद्यपदार्थ: डब्यावर एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक. तो त्यांच्या पोर्टलवर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का बघा. फक्त फोटोवर विसंबू नका.
- सोनं: हॉलमार्कचा अक्षरं-अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तपासता येतो.
- फ्लॅट, प्लॉट: महारेरा नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्रमांकासोबत क्यूआर कोडही लागतो. पुण्याच्या आसपासच्या ‘ड्रीम होम टूर’ रील्समध्ये नेमका हाच नसतो. क्रमांक मागितल्यावर ‘प्री-लाँच आहे, नंतर देतो’ असं उत्तर आलं तर काम सोडा.
- शेअर, गुंतवणूक: यावर सल्ला द्यायचा तर तुमची स्वतःची सेबी नोंदणी हवी आणि तिचा क्रमांक दाखवायला हवा.
- आरोग्य, आहार: ॲस्कीने २०२३ मध्ये नियम कडक केले. सल्लावजा बोलायचं तर त्या विषयातली पात्रता हवी आणि ती सुरुवातीलाच सांगायला हवी. जिमला जातो ही पात्रता नव्हे.
- मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा बरा करणारी, उंची वाढवणारी औषधं आणि चूर्णं: अशा जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. पैसे कितीही देवोत.
- पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम: २०२५ च्या केंद्रीय कायद्याने यांची जाहिरात करणं गुन्हा ठरवलंय. दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे.

सावधान: एजन्सी मध्ये असली तरी तपासणी तुमचीच. ‘एजन्सीने बघितलं असेल’ याला काही अर्थ नाही.

टप्पा ३: ठरलेलं लिहून घ्या

दहा पानी करार लागत नाही. साधा ईमेल चालतो, पण समोरून ‘मान्य’ असं उत्तर आलं पाहिजे. फोनवर ठरलं असेल तर फोन ठेवल्याबरोबर ‘आपलं बोलणं असं झालं’ म्हणून स्वतः पाठवा. पैसे, तारखा आणि किती वेळा बदल करून द्यायचे, हे सगळे लिहितातच. राहून जातात त्या पुढच्या ओळी:

- ‘व्हिडिओवर आणि कॅप्शनच्या सुरुवातीला जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहिलं जाईल. ते काढायला सांगता येणार नाही.’
- ‘वस्तू वापरल्यानंतरचा माझा खरा अनुभवच सांगेन. अनुभव वाईट आला तर व्हिडिओ होणार नाही, आणि वस्तू व ॲडव्हान्स परत करेन.’
- ‘दाव्यांचे पुरावे ब्रँड देईल.’
- ‘हा व्हिडिओ ब्रँडला त्यांच्या पेजवर किंवा पैसे लावून जाहिरात म्हणून चालवायचा असेल तर मुदत आणि मोबदला वेगळा ठरेल. लेबल तिथेही राहील.’

शेवटचं कलम विसरलात तर तुमचा चेहरा त्यांच्या जाहिरातीत दोन दिवाळ्या फिरत राहतो. मधल्या काळात तुम्ही दुसऱ्या तेलाचं काम घेतलेलं असतं आणि कमेंटमध्ये लोक दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावतात.

आणि ब्रँड म्हणाला, ‘लेबल नको, ऑरगॅनिक वाटलं पाहिजे’, म्हणजे पैसे न घेता मनाने केल्यासारखं? हे वाक्य अजूनही रोज ऐकू येतं. उत्तर छोटं द्या: नियमाप्रमाणे लावावंच लागतं, न लावल्यास दंड तुम्हालाही होऊ शकतो. बरेच दुकानदार एवढ्यावर ऐकतात, कारण त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. जे ऐकत नाहीत ते पैसे द्यायलाही त्रास देतात, हा या धंद्यातला सार्वत्रिक अनुभव.

टप्पा ४: आधी वापरा, मग लिहा

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी जाहिरात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यातही हे साफ आहे: ज्याची शिफारस करता ते प्रत्यक्ष वापरलेलं असावं. पार्सल फोडल्याच्या दिवशीच ‘मी कायम हेच वापरते’ म्हणू नका. तेल असेल तर एक डबा स्वयंपाकात संपू द्या. क्रीम असेल तर काही आठवडे थांबा. ब्रँडला घाई असेल तर व्हिडिओत तेवढंच सांगा: ‘आठवडा झाला वापरतेय.’

स्क्रिप्ट लिहिताना दोन रकाने करा. डावीकडे जे स्वतः पाहिलं, चाखलं, मोजलं. उजवीकडे जे कंपनी सांगते. उजवीकडचं वाक्य बोलायचंच असेल तर ‘कंपनीचं म्हणणं आहे की’ असं म्हणून बोला, आणि टप्पा २ मध्ये पुरावा मिळाला असेल तरच. ही दोन रकान्यांची शिस्त पाळली की रीलचा सूर आपोआप बदलतो. ताईंच्या डाव्या रकान्यात असं काहीतरी येईल: ‘कढईत टाकल्यावर शेंगदाण्याचा वास येतो, घरात सगळ्यांनाच तो आवडला नाही. थालीपिठाला छान. डब्याच्या तळाशी थोडा गाळ असतो, म्हणून हलवू नका.’

गाळ आणि न आवडलेला वास काढू नका. ब्रँड काढायला सांगेल. तिथे तुमचं ठाम राहणं महत्त्वाचं, कारण बघणाऱ्याचा विश्वास नेमका अशा ओळींवर बसतो. पूर्ण गोड रील कुणालाच खरी वाटत नाही, लेबल असो वा नसो.

आता लेबलची जागा, तीही स्क्रिप्टमध्येच. ‘पहिल्या तीन सेकंदांत जाहिरात म्हटलं की लोक पुढे सरकवतात’ ही तक्रार असते. मग ते वाक्यच हुक, म्हणजे बघणाऱ्याला थांबवणारी सुरुवात, करा:

‘या तेलवाल्यांनी मला या व्हिडिओचे पैसे दिलेत. तरी भजी तळून बघितल्याशिवाय मी बोलणार नव्हते.’

सांगायचं ते सांगून झालं आणि पुढे काय होतं ही उत्सुकताही राहिली.

टप्पा ५: लेबल लावा

शब्द सरळ ठेवा. ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘पेड प्रमोशन’, ‘फ्री गिफ्ट’, नोकरी करत असाल तर ‘एम्प्लॉयी’. ‘थँक्यू अमुक ब्रँड’, ‘विथ लव्ह’, ‘इन असोसिएशन’ किंवा ‘एसपी’सारखी आद्याक्षरं नकोत, सामान्य माणसाला त्यातून काही कळत नाही. मराठी रीलला मराठीत ‘जाहिरात’ लिहिणं उत्तम: लेबल जाहिरातीच्या भाषेतच हवं, असं सरकारी मार्गदर्शिका सांगते. आजीलाही कळलं पाहिजे.

वेळेचा हिशोब ॲस्कीच्या नियमावलीप्रमाणे:

- १५ सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ: लेबल किमान ३ सेकंद पडद्यावर.
- १५ सेकंदांहून मोठा, २ मिनिटांहून लहान: लांबीच्या एक तृतीयांश वेळ. ताईंची रील ४५ सेकंदांची, म्हणजे किमान १५ सेकंद.
- २ मिनिटं किंवा जास्त: ब्रँडबद्दल जेवढा वेळ बोलता तेवढा पूर्ण वेळ.
- पॉडकास्ट: सुरुवातीला आणि शेवटी, शिवाय प्रत्येक ब्रेकच्या आधी आणि नंतर बोलून सांगायचं.
- लाइव्ह: सुरुवातीला आणि शेवटी बोलून सांगायचं. सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे लेबल सतत दिसायलाही हवं.

माझा सल्ला, छोट्या रीलमध्ये हिशोब करतच बसू नका, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत ठेवा. व्हिडिओत दाखवून आणि बोलून, दोन्ही प्रकारे सांगायचं असतं हेही लक्षात असू द्या, कारण कुणी आवाज बंद करून बघतं तर कुणी भांडी घासता घासता नुसतं ऐकतं.

जागा निवडताना घात होतो तो असा: खालच्या भागावर कॅप्शन आणि नाव येतं, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं येतात. एडिटिंग ॲपमध्ये सुंदर दिसणारं ‘जाहिरात’ पोस्ट झाल्यावर त्यांच्याखाली गडप. डावीकडे वर, पण अगदी कडेला नाही, अशी जागा घ्या. पांढऱ्या भिंतीवर पांढरी अक्षरं नकोत, मागे गडद पट्टी द्या.

कॅप्शनमध्ये पहिल्या दोन ओळींत, ‘मोअर’ दाबावं न लागता दिसेल असं. स्टोरी असेल तर प्रत्येक फ्रेमवर, कारण लोक मधूनच उघडतात.

इन्स्टाग्रामचं ‘पेड पार्टनरशिप’ आणि यूट्यूबची ‘पेड प्रमोशन’ची खूण तर चालू कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. यूट्यूबची सूचना सुरुवातीची काही सेकंदच दिसते. आणि तुमचा व्हिडिओ डाउनलोड होऊन व्हॉट्सॲपवर फिरायला लागला की प्लॅटफॉर्मची खूण मागेच राहते, व्हिडिओवर लिहिलेलं तेवढं सोबत जातं.

सावधान: पेड रीलला ट्रेंडिंग गाणं लावू नका. ॲपमधली बहुतेक गाणी खाजगी वापरापुरती असतात, व्यावसायिक पोस्टला चालत नाहीत. म्युझिक कंपनीची नोटीस आली तर लेबल नीट असूनही रील उतरते.

टप्पा ६: पोस्टच्या आधी शेवटची नजर

ब्रँडकडून मंजुरी घेताना अंतिम फाइल पाठवा, नुसती स्क्रिप्ट नको. बदल आले की ते पुन्हा दोन रकान्यांतून काढा. ‘फक्त एक शब्द’ म्हणून आलेल्या बदलातच ‘शुद्ध’ किंवा ‘गॅरंटी’ परत घुसतं.

मग फोनचा आवाज बंद करून एकदा बघा: जाहिरात आहे हे कळतं का? डोळे मिटून एकदा ऐका: कळतं का? घरातल्या इंग्रजी न वाचणाऱ्या माणसाला दाखवा आणि विचारा, हे कशाबद्दल होतं. ‘तेलाची ॲड होती ना’ असं उत्तर आलं की पोस्ट करा.

पोस्ट झाल्यावर दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. कॅप्शन नंतर बदलता येतं, व्हिडिओवरचा मजकूर नाही. लेबल झाकलं गेलं असेल तर पहिल्या पाच मिनिटांत काढून पुन्हा टाकलेलं बरं, पन्नास हजार व्ह्यूज गेल्यावर कुणाचाच हात धजत नाही.

टप्पा ७: पोस्ट झाल्यानंतर

कमेंटमध्ये कुणी विचारलं, ‘ताई, खरंच चांगलं आहे का?’ तर उत्तरातही पैसे घेतल्याचा उल्लेख ठेवा. वाईट अनुभवाच्या कमेंट उडवू नका, ब्रँडला टॅग करून उत्तर द्यायला लावा. मित्रमंडळींना ‘मस्त आहे, मीपण मागवलं’ असं लिहायला लावणं तर नकोच, ती खोटी शिफारस झाली.

तोच व्हिडिओ शॉर्ट्सवर, फेसबुकवर टाकताना प्रत्येक ठिकाणी कॅप्शन आणि खूण नव्याने लावा. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी तिथे राहून पेज चालवत असाल तर तिथले नियम वेगळे आहेत, तेही बघा.

कराचं थोडक्यात: वस्तू स्वतःकडे ठेवली तर तीही कमाई. १ जुलै २०२२ पासून एका कंपनीकडून वर्षभरात २०,००० रुपयांहून जास्त किमतीचा लाभ मिळाला तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. रिव्ह्यूसाठी आलेला फोन परत केलात तर तो लाभ धरत नाहीत, पण परत केल्याची पोच ठेवा.

प्रत्येक कोलॅबचं एक फोल्डर करा. ब्रीफ, प्रयोगशाळेचा अहवाल, परवान्याचे स्क्रीनशॉट तारखेसह, ठरल्याचा ईमेल, स्क्रिप्टच्या सगळ्या आवृत्त्या, अंतिम व्हिडिओ, पोस्टचा स्क्रीनशॉट. ॲस्कीकडून किंवा प्राधिकरणाकडून पत्र आलं तर घाबरून रील डिलीट करण्याआधी तिचा पुरावा जपून ठेवा, ब्रँडला लेखी कळवा आणि दिलेल्या मुदतीत फोल्डरसह उत्तर पाठवा. चूक खरोखर असेल तर पोस्ट उतरवून दुरुस्त व्हिडिओ टाका आणि तसं उत्तरात लिहा. ब्रँडने आधीचे व्ह्यूज गेले म्हणून पैसे कापायची भाषा केली, तर टप्पा ३ मधला ईमेल पुढे करा.